काशीरामची ओळ

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सहदेव परबने वीस वर्षं लेथ चालवला. डाव्या हाताची दोन बोटं वळायची नाहीत, तरी कातलेल्या लोखंडावरून अंगठा फिरवून केसभराचा फरक सांगणारा माणूस.

त्या बोटांची गोष्ट ब्याऐंशी सालची. संध्याकाळी काम आटोपून सहदेव टपरीवर चहा पीत होता, तेवढ्यात शेडमध्ये तेलाने पेट घेतला. मालक काशीराम पांचाळ आत अडकला होता. तो सहदेवच्याच गावचा, दोघांत अरेतुरे. सहदेव आत घुसला आणि त्याला ओढत बाहेर घेऊन आला; त्यात त्याचा डावा हात भाजला.

जखमा भरल्यावर काशीरामने कारखान्याच्या छापील कागदावर लिहिलं, 'तू मला आगीतून काढलंस, त्याची भरपाई म्हणून शेड बंद होईल तेव्हा हा लेथ तुझा.'

"पयली ओळ खोड रे," सहदेव संकोचून म्हणाला. "लोक म्हणतील, हात विकून मशीन घेतली. त्यापेक्षा लिही, मोबदला कसलाच नाही."

"तुझी ओळ खाली घालतो. माझी खोडणार नाही." आणि काशीरामने दोन्ही ओळींखाली सही केली.

शहाऐंशीत काशीराम गेला. त्याच्या कॉमर्स शिकलेल्या मुलाने, चंद्रप्रकाशने, शेड आणि मशिनी विकायला काढल्या. सहदेवने कागद पुढे केला.

"काका, स्वतःचीच वाट लावलीत ना! 'मोबदला नाही' हे तुम्हीच लिहून घेतलंय. असलं फुकटचं वचन कोर्टात उभं राहत नाही."

सहदेवने कागद घडी करून खिशात ठेवला. अशा हाताच्या, पन्नाशीच्या टर्नरला दुसरीकडे कोण ठेवणार? या लेथच्या मुठी मात्र त्याने आपल्या बोटांच्या मापाने घासून घेतल्या होत्या.

शेजारची अनुपमा नुकतीच वकील होऊन बोरिवली कोर्टात जायला लागली होती. तिने कागद वाचला.

"काका, आत जा असं कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगतलो गो? अर्धी चाय टाकून धावलंय मी."

"म्हणजे आपणहून. मग झालं! मोबदल्याशिवायचं वचन टिकत नाही, खरंय. पण करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमात अपवाद आहे. कुणी आपल्यासाठी आपणहून काही केलं, तर त्याच्या भरपाईचं वचन पाळावंच लागतं, वारसालासुद्धा. फक्त ते कशासाठी दिलं, हे दिसायला हवं." तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही ओळ कुणाची?"

"काशीरामची. मी खोड म्हणत होतंय..." सहदेवने त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

नोटीस गेली. चौथ्या दिवशी चंद्रप्रकाश स्वतःच टेम्पो घेऊन आला. "मी फक्त खालची ओळ धरून बसलो, काका. चला, हात लावा."

दसऱ्याला सहदेवच्या भाड्याच्या गाळ्यात लेथला झेंडूचा हार चढला; त्याहून मोठा हार भिंतीवरच्या काशीरामच्या फोटोला. अनुपमाने फी घेतली नव्हती. सहदेवने स्वतः कातलेलं पितळी पेपरवेट तिच्या हातात ठेवलं.

"काका, मी काही मागितलं होतं का?"

"नाय ना? आपणहून केलंस ना?" सहदेव हसला. "मग घे गो. कलम पंचवीस!"