एकाच भिंतीपुरता कागद

आमच्या स्वयंपाकघरात कॅरियर बॅगांचा एक ड्रॉवर आहे. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण एक दिवस तो बंदच होईनासा होतो. आमच्या इथल्या, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या ग्रुपातले किस्से असेच साठलेत. त्यात घराचे किस्से तर इतके, की मी सांगायला लागले की माझा नवरा अविनाश उठून चहा टाकायला जातो. बरंच आहे, तेवढाच आयता चहा मिळतो.

ग्रुप म्हणजे शनिवारी संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांकडे जेवणारी चार मराठी घरं. निम्मे डॉक्टर, निम्मे सॉफ्टवेअरवाले. मी सांगतेय ती दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. त्या वेळी आम्हा सगळ्यांना एकच दुखणं होतं, ते म्हणजे 'परत जायचंय.' कधी, ते कुणी कुणाला विचारायचं नाही. अविनाश हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. त्याचं उत्तर ठरलेलं, "दोन वर्षांत." हे मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ऐकतेय. आणि परत जायचंय म्हणून घराला काही करायचं नाही. पडदे घरमालकाचे, भिंती सगळ्यांच्या त्याच शिळ्या सायीच्या रंगाच्या. इथे त्या रंगाला मॅग्नोलिया असं भारदस्त नाव आहे.

मला मात्र एक खोली हवी होती. पहिल्याच हिवाळ्यात अविनाशच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने आम्हाला तिच्या घरी चहाला बोलावलं होतं. छोटंसं कॉटेज, पेटलेली शेगडी, आणि भिंतीभर पानं, फुलं, वेली असलेला वॉलपेपर. आल्यापासून मी थंडीने आणि एकटेपणाने आखडून गेले होते. त्या खोलीत पहिल्यांदा जरा सैल झाले. मनात म्हटलं, अशी एक खोली आपली असेल तर आपल्याला या देशात राहता येईल. एवढंच मागणं होतं हो माझं. त्यासाठी काय काय सोसलं, ते आता ऐका.

* * *

ऋचाची शाळा जवळ पडेल म्हणून शेवटी अविनाश घर घ्यायला तयार झाला. अर्थात, "दोन वर्षांनी विकून टाकू" हे जोडूनच. कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका खेड्यात एक जुनं कॉटेज बघायला गेलो. एजंट म्हणजे चकचकीत टाय लावलेला तरुण मुलगा.

हॉलची जमीन एका बाजूला उतरती होती. एजंट म्हणाला, "कॅरॅक्टर." खिडकी उघडेना. "ओरिजिनल फीचर." जिन्यात वरच्या तुळईवर अविनाशचं डोकं आपटलं, चांगलं खणकन. तो मुलगा हसून म्हणाला, "कॉटेज चार्म, सर."

अविनाश कपाळ चोळत सगळं मुकाट्याने ऐकत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आपल्या लग्नाच्या वेळी तुझा मामा अगदी असंच बोलत होता."

पण घर घेतलं. तुळईला मी स्पंज बांधला.

* * *

शनिवारी ग्रुपात जाहीर केलं, की मी पुढच्या खोलीला फुलांचा वॉलपेपर लावणार. सगळे आधी माझ्याकडे, मग अविनाशकडे बघायला लागले. जणू मी घटस्फोटच जाहीर केला होता.

सगळ्यात आधी मिलिंद बोलला. मिलिंद पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि ग्रुपाचा स्वयंघोषित सल्लागार. "मेधा, वेडी आहेस का? रीसेल व्हॅल्यूचा काही विचार? आणि परत जायचंय ना? मग भिंतीला कशाला चिकटवत बसतेस?"

हे कोण बोलतंय, तर ज्याच्या सोफ्याचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही तो माणूस. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे सगळ्या वस्तूंचे खोके ठेवलेत. परत जाताना पॅकिंगला लागतील म्हणून. त्याची बायको वृंदा माझी जिवाभावाची मैत्रीण. तिने एकदा वैतागून गॅरेज आवरायला घेतलं, तर टीव्हीचा भला मोठा खोका निघाला. तो टीव्ही कधीच बिघडून कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, फेकून झाला होता. वृंदा म्हणाली, "अरे, टीव्ही गेला. आता खोका तरी फेक."

मिलिंद म्हणाला, "कसा फेकू? ओरिजिनल आहे."

* * *

वॉलपेपर निवडायला मी वृंदाला बरोबर नेलं, ही माझीच चूक. दुकानात बायबलएवढ्या जाड सॅम्पल-बुका. मी एकेक पान उलटत हरखून जात होते, आणि वृंदा शेजारून पाणी ओतत होती. "ही मेथी वाटते." "हा अळू आहे गं, बघून वड्या कराव्याशा वाटतात." "एवढी गच्च झाडी घरात? साप निघेल."

दुकानातली बाई फार गोड होती. तिने मला विचारलं, "त्या खोलीत बसल्यावर तुम्हाला कसं वाटायला हवंय?" इतकी वर्षं कुणी हा प्रश्न मला विचारला नव्हता. मी 'उबदार' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात वृंदाने उत्तर दिलं, "वॉशेबल."

मग सॅम्पलचे तुकडे घरी आले. पुढचा सगळा कारभार ग्रुपाने हातात घेतला. प्रत्येकीने एकेक तुकडा टेस्टिंगला नेला. एकीने कुकरच्या वाफेवर धरला, एकीने मुलाच्या हातात क्रेयॉन दिले. वृंदाने हळद-हिंगाची कडकडीत फोडणी करून चमचाभर वर ओतली आणि मग घासून बघितलं. पुढच्या शनिवारी रिझल्ट लागला. मला आवडलेले सगळे नापास. पास झालेला एकच, शेणाच्या रंगाचा, त्यावर वाळकी गवतं.

"हा कशानेच खराब होणार नाही," वृंदा म्हणाली. खरं होतं. तो आधीपासूनच तसा होता.

* * *

मी हट्टाने माझ्या आवडीचे चार तुकडे भिंतीला टेपने लावून ठेवले. येता-जाता अविनाशच्या नजरेला पडतील, कधीतरी एकावर बोट ठेवेल. तो रोज समोर बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "बघू." या माणसाचा धंदाच लोकांना झोपवायचा. महिने गेले, टेप पिवळी पडली.

एक दिवस शेजारच्या मार्गारेटबाई केक घेऊन आल्या. भिंतीकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "हाउ ब्रेव्ह."

मी जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर बसते. इंग्लिश माणूस 'ब्रेव्ह' म्हणाला की तोंड लपवायचं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अविनाशची छाती फुगली. शनिवारी सगळ्यांना सांगितलं, "आमच्या गोऱ्या शेजारणीला आमची भिंत एवढी आवडली! मी म्हणतोच आहे, हे असंच राहू दे."

त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

* * *

शेवटी मार्ग निघाला तो ऋचामुळे. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. रविवारी जेवताना मी पुन्हा विषय काढला, आणि अविनाशने तेच पालुपद लावलं, "अगं, दोन वर्षांत परतच जायचंय आपल्याला."

ऋचाने वरणभात कालवता कालवता विचारलं, "बाबा, मी कसं परत जाणार? मी तिथून आलेच नाही."

तिला भांडायचं वगैरे नव्हतं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होती. अविनाशने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पानातलं लोणचं उगाच इकडचं तिकडे केलं. मला त्याची दयाच आली. रागसुद्धा आला, की मी इतकी वर्षं घसा फोडला ते काहीच नाही, आणि हिचं एक वाक्य लागू पडलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात निघताना दारातून म्हणाला, "लाव तो कागद. पण एकाच भिंतीला."

मी तेवढ्यावरही खूश. फिकट हिरव्यावर रानगुलाबाच्या वेली, मध्येमध्ये नेचे. फोडणीच्या परीक्षेत सपशेल नापास झालेला.

* * *

कीथ नावाचा डेकोरेटर ठरवला, इथल्या पद्धतीने प्रत्येक बाईला 'लव्ह' म्हणणारा. सप्टेंबरातली तारीख मिळाली. आनंदाने पुण्याला सासूबाईंना फोन केला, तर पलीकडून, "अगं, पितृपक्ष आहे. पंधरा दिवस नवीन काही करायचं नाही. भिंतीला हात लावू नकोस."

आता हे कीथला कसं सांगायचं? मी फोनवर चाचरत म्हटलं, की आमच्यात हा पंधरवडा गेलेल्या माणसांचा असतो, या दिवसांत आम्ही नवं काम सुरू करत नाही. वाटलं, हसेल. पण तो गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे, लव्ह. त्यांना आधी जाऊ दे."

पंधरवडा संपला. मी लगेच फोन केला, "कीथ, या शुक्रवारी येतोस?"

"शुक्रवारी?" कीथ दचकलाच. "शुक्रवारी मी काम सुरू करत नाही, लव्ह. माझे वडीलही करत नव्हते. शुक्रवारी सुरू केलेलं काम तडीला जात नाही."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. तिकडून पितर, इकडून शुक्रवार. मधल्या मध्ये माझी भिंत उघडी.

* * *

एकदाचा कागद लागला. वेली इतक्या देखण्या दिसत होत्या की पहिल्या दिवशी मी कामावरून आले ती कोट न काढताच समोर बसून राहिले.

ग्रुप बघायला आला. सगळ्यांनी खूप कौतुक केलं, "पण" म्हणत म्हणत केलं. "छान आहे, पण विकताना..." "सुरेख, पण परत जाताना..." सगळ्यात जास्त 'पण' मिलिंदचे.

महिन्याभराने मिलिंदचा ऑफिसातून हळू आवाजात फोन. "तुझ्या त्या कीथचा नंबर दे ना. आणि ग्रुपात बोलू नकोस. फक्त टीव्हीच्या मागे लावतोय."

* * *

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. मला खरी धास्ती त्यांचीच होती. पुण्याला त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली अविनाशची म्हणून राखलेली. त्याची पुस्तकं, त्याची कॉट, त्याची टेनिसची रॅकेट. त्या खोलीत पाहुण्यालाही झोपू देत नाहीत. म्हटलं, ही भिंत बघून त्या काय समजायचं ते समजणार, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटणार.

आल्या दिवशी त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. दोन पट्ट्या जुळतात तिथून वरून खाली हात फिरवला. "पानाला पान जुळलंय," एवढंच म्हणाल्या. पुढे महिनाभर त्या विषयावर अवाक्षर नाही. अविनाश रोज जेवताना सांगायचा, "आई, दोन वर्षांत येतोच आहोत आम्ही." त्या म्हणायच्या, "बरं." आणि त्याला आणखी एक पोळी वाढायच्या.

जायच्या आदल्या दिवशी बॅगा भरत होतो. अविनाश काट्यावर एकेक बॅग चढवून वजन बघत होता. सासूबाईंनी मला विचारलं, "मेधा, त्या कागदाचे रोल उरलेत का गं?"

उरले होते. मिलिंदने हिशोब करून दिला होता आणि खिडकी वजा करायची विसरला होता. जिन्याखालच्या कपाटात पडून होते.

"दे मला ते. नेते."

"आई, कशाला ओझं?" अविनाश म्हणाला. "पुण्यात कुठे लावणार?"

"तुझ्या खोलीला."

अविनाशचा चेहरा असा खुलला, की मला बघवेना. माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, बघ. आईला कळतं. म्हणजे आपण तिकडे गेलो की तिथेही तुला अगदी हेच घर वाटेल."

सासूबाई साडीची घडी घालत होत्या. ती पुरी केली, बॅगेत ठेवली, वरून हाताने दाबली.

"तुमच्यासाठी नाही रे," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून भाडेकरू येतेय तिथे. बँकेत नोकरी करणारी मुलगी आहे, चांगली आहे. मला सोबत होईल. म्हटलं, ती तरी टिकू दे. कागद लावला की माणूस हलत नाही, हे बघितलं ना मी इथे."