जाळीआडची नवरी

वसईत ख्रिस्ती लग्नांचे पोशाख मिळतात त्या दुकानात मी भाचीसाठी हातमोजे घ्यायला गेले होते. शेजारी एक नवरी मुलगी आरशासमोर उभी होती. आईने तिच्या डोक्यावर व्हेल घातली, म्हणजे जाळीची पांढरी ओढणी. वेलबुट्टीने भरलेला तिचा पुढचा पदर चेहऱ्यावर सोडला. "माझ्या लग्नात अश्शीच होती गं," असं म्हणताना आईचे डोळे भरून आले.

मुलगी गोंधळली. तिने जाळी वर केली. "काय म्हणालीस मम्मी? मला तुझे ओठ दिसले नाहीत."

तिला ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं समजून घेत होती.

झाकलेली नवरी बाहेरून कशी दिसते, हे आपण किती कौतुकाने बघतो. आतून तिला काय दिसत असेल, असं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं.

"वेदीपाशी तो मला वचन देईल," ती म्हणाली, "ते मला बघायचंय."

आईने स्वतःच ती व्हेल उतरवली आणि नुसती केसांमागून सोडायची, साधी निवडली. ती मुलीच्या केसांत खोचून आई समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "छान दिसतेस, बाय."