बिनझाकणाच्या पेटीतला तेरडा

प्रयोगवहीत उजव्या पानावर आकडे लिहायचे असतात, डावं पान आकृतीसाठी कोरं ठेवायचं. आमच्या वहीत आकृत्या दोनच आहेत. बाकीची डावी पानं माझा प्रयोगातला जोडीदार मिथिल आणि तानूआत्या यांच्या किश्श्यांनीच भरली!

प्रयोग आमच्या विज्ञानाच्या सरांनी सुचवला. उंच हिमालयातल्या कुरणांवर शास्त्रज्ञ झाडांभोवती बिनझाकणाची पारदर्शक पेटी ठेवतात. आतली हवा जरा गरम राहते. हवामान तापत गेलं तर झाडं काय करतील, याचा अंदाज येतो. आम्ही तेच रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर, करायचं ठरवलं. तेरड्याची दहा रोपं पेटीत, दहा बाहेर. सहा रविवार फुलं मोजायची. एकही रविवार चुकला तर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं.

मी कमी बोलते, म्हणून वही माझ्याकडे आली.

*

सर सांगत होते, ऊन वाढलं की डोंगरावरची झाडं हळूहळू वर सरकतात. शिखर आलं की जागा संपते.

मिथिलने हात वर केला. "सर, आपला तेरडा कुठे सरकणार? वर काही नाही आणि खाली समुद्र."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. हाच प्रश्न प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणाले. मिथिलला एखादं वाक्य फक्त एकदाच लिहायला सांगण्याची ही पहिलीच वेळ.

*

सड्याचा तो तुकडा तानूआत्याचा. ती खालच्या वाडीत राहते. चिव्याच्या बारीक बांबूच्या काठ्या आणि जाड प्लॅस्टिकची आमची पेटी बघायला ती गाईला घेऊनच वर आली. मिथिलने तिला सगळं शास्त्र समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे वळली.

"अगो बाय, रत्नांग्रीत गरम करायला पेटी लागते?"

त्यानंतर वाडीत ती सगळ्यांना सांगत होती, पोरांनी सड्याला स्वेटर घातलाय.

*

तापमान घ्यायचं काम मिथिलकडे. पहिल्या रविवारी त्याने वहीत पेटीच्या आतलं तापमान "लो" लिहिलं, बाहेरचंही "लो" लिहिलं. सरांनी थर्मामीटर दाखवायला सांगितला. मग कळलं, मिथिलने घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणला होता.

"सर, पेटीला ताप नाही एवढं नक्की," तो म्हणाला.

पुढच्या रविवारपासून प्रयोगशाळेतला थर्मामीटर माझ्या दप्तरात राहू लागला.

*

चौथ्या रविवारी पेटीतला तेरडा फुलला. बाहेर नुसत्या कळ्या. मी खाली बसून एकेक फूल मोजत होते, तेवढ्यात मागून मिथिलच्या आईचा आवाज आला. "बघा त्या शेजारच्यांकडे! तुमच्याच वयाची आहेत ना?"

वळून बघितलं तर मिथिल. कमरेवर हात ठेवून बाहेरच्या रोपांना ओरडत होता.

*

सहावा रविवार, शेवटची मोजणी. त्याच दिवशी गौरी येणार होत्या. आमच्याकडे गौर म्हणजे सड्यावरून मुळासकट आणलेला तेरडा. यंदा गणपती लवकर आले आणि सड्यावर तेरडा कुठेच फुलला नव्हता.

आम्ही वर पोहोचलो. पेटी जागेवर होती. आत दहा खड्डे.

मिथिल कातळावर बसला. मी वही घेऊन खाली तानूआत्याच्या घरी पळत सुटले, तो मागून आला. गौर मखरात बसली होती. मुखवटा, हिरवी साडी आणि वर आमची दहा रोपं. वाडीतल्या बायका आरतीला उभ्या होत्या. मिथिलने मला पुढे ढकललं.

"आत्या," मी म्हणाले, "आम्हाला गौर मोजायची आहे."

टाळ थांबले. तानूआत्याने मला, मग वहीला न्याहाळलं.

"मोज. आधी पाया पड."

मी पाया पडले आणि मोजायला लागले. बायका ताटकळत उभ्या. साडीच्या पदराखाली गेलेली फुलं आत्याने स्वतः बाजूला करून दाखवली.

"किती झाली?"

"त्रेचाळीस."

"आणि तुमच्या पेटीभायली?"

"एकही नाही."

तानूआत्याने मान हलवली, निरांजन हातात घेतलं आणि मिथिलला म्हणाली, "पुढल्या वर्षी पेटी मोठी करा रे. वाडीत सात गवरी असतात."