गोदाक्काचा पुढचा सोपा

गोदाक्का गेल्याची बातमी घेऊन तिचे भाडेकरू भीमराव मास्तर स्वतःच निपाणीला आले. मी तंबाखूच्या वखारीत होतो. मास्तर दारातच थांबले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "अण्णा, आक्का गेल्या… पहाटे." बेळगावला जाणाऱ्या मोटारीत आम्ही शेजारी बसलो. ज्या माणसाला घराबाहेर काढण्यासाठी माझी बहीण कोर्टाची पायरी चढली होती, तोच माणूस तिच्यासाठी हुंदके देत होता आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. भावोजी ऐन उमेदीत गेले. मागं राहिलं ते बेळगावात हिंडलग्याच्या वाटेवरचं घर आणि पाळण्यातली लेक, शांता. घराचा पुढचा सोपा आणि त्याला लागून असलेली खोली हवेशीर, उजेडाची. मागं स्वयंपाकघर आणि एक अंधारी खोली. आक्कानं पुढचा भाग भाड्यानं दिला आणि आपण मागं राहिली. त्या भाड्यावर शांता वाढली, तिचं लग्नही झालं. भाडेकरू निवडताना मात्र आक्का फार चोखंदळ. कुणाची शिफारस तिला चालत नसे. येणारा आधी जिथं राहत होता तिथं ती स्वतः जाई. चूल, न्हाणी, परडं बघे, शेजारणीशी बोले आणि मगच होकार देई. भीमराव मास्तरांसाठी ती पिरनवाडीला चालत गेली होती. परत आली ती खुशीत. "आई लुळी पडलीया रं त्यांची," मला म्हणाली, "तिचं सगळं मास्तर आपल्या हातानं करत्यात. घरात कसला वास म्हणून न्हाय. असा माणूस पुन्हा मिळायचा न्हाय, दत्तू."

मास्तर राहायला आले आणि पुढं दुसरं महायुद्ध सुरू झालं. बेळगावात लष्कराची माणसं वाढली, जागा मिळेनाशा झाल्या. भाडी भडकू नयेत, भाडेकरूला मनाला येईल तेव्हा बाहेर काढता येऊ नये, म्हणून सरकारनं कायदा आणला. आळीतले घरमालक सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. आक्का म्हणाली, "बरं झालं की. गोरगरिबानं जायचं कुठं?"

त्यानंतर वर्षभरातच शांताला क्षय झाला. सासरच्यांनी तिला आईकडे आणून सोडलं आणि पुन्हा चौकशीलाही आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "हिला हवा पाहिजे, ऊन पाहिजे. या खोलीत ही टिकायची नाही." आक्का तशीच उठून पुढं गेली. "मास्तर, सोपा सोडा. माझ्या लेकीच्या जिवाचा प्रश्न हाय." मास्तरांनी लगेच मान डोलावली. शाळा सुटली की ते जागा शोधत वणवण हिंडत. घरात कोण कोण, असं मालक विचारी, आणि लुळी आई आहे म्हटलं की जागा आधीच कुणाला तरी दिलेली निघे. शेवटी मास्तर म्हणाले, "आक्का, आम्ही मागं येतो, तुम्ही पुढं या." पण त्यांच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा, पाय जड होता. पहिलंच बाळंतपण. "क्षयाच्या खोलीत मी बाळंत व्हायची न्हाय," त्या रडून म्हणाल्या. त्यांना तरी काय बोलायचं? उन्हाळाभर शांताची खाट बाहेर ओट्यावर होती, तिला जरा उतारही वाटत होता. मग बेळगावचा पाऊस लागला आणि खाट पुन्हा आत अंधारात गेली.

आक्कानं दावा लावला. तारखेला मी सोबत जात असे. एकदा न्यायाधीशांनी मास्तरांना विचारलं, "मालकिणीची गरज खोटी आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?" मास्तर म्हणाले, "न्हाय साहेब, खरीच हाय. पण आईला घेऊन मी कुठं जाऊ?" न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर आक्का पायरीवर बसली. "ह्यो खरं बोलतोय रं, दत्तू. खोटं बोलला असता, तर मला नीट भांडता तरी आलं असतं."

श्रावणात शांता गेली. निकाल दसऱ्यानंतर लागला, आक्काच्या बाजूनं. ताबा कधी घ्यायचा, असं वकिलांनी विचारलं. "कुणासाठी?" एवढंच आक्का म्हणाली आणि घरी येऊन मास्तरांना सांगितलं, "राहा."

त्याच थंडीत मास्तरांची आईही गेली. आता मास्तर कुठंही जाऊ शकत होते. ते आक्कापुढं येऊन म्हणाले, "आक्का, सोपा मोकळा करतो." आक्का हसली. मी तिथं होतो. माणसाच्या हसण्याची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. "आता?" ती म्हणाली, "मोकळा सोपा बघत मी काय करू? राहा."

ती त्या अंधाऱ्या खोलीतच राहिली. निपाणीला चल म्हटलं, तर म्हणे, "हितं काही दिसत न्हाय रं. तेच बरं हाय." मग तिलाही तोच खोकला लागला. मास्तरांनी हात जोडले, पुढं सोप्यात चला म्हणून विनवलं. ती उठली नाही. सुशीलावहिनी दाराशी ताट ठेवत. मन झालं तर खाई. कायदा वाईट होता असं मला म्हणवत नाही. मास्तर वाईट होते असंही नाही. कुणावर तरी राग धरता आला असता, तर रात्री झोप लागली असती…

एरवी मागच्या दारानंच येणारा-जाणारा मी तेराव्यानंतर पुढच्या सोप्यात गेलो. बाहेर लख्ख ऊन, आणि आत हाताला हात दिसेना. सगळ्या खिडक्या लावलेल्या. वहिनी अंदाजानंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "खिडक्या का लावल्या, वहिनी?"

"शांता गेली तवापासनं उघडल्याच न्हाईत, अण्णा," त्या म्हणाल्या. "आक्का मागं अंधारात बसत्यात. आम्ही हितं उजेडात कसं बसायचं?"

"आता उघडा," मी म्हणालो.

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, कडीवर हात ठेवला… आणि तशाच उभ्या राहिल्या.