प्रार्थनेतली ढोलकी
काल पुतणीसाठी कीबोर्ड बघताना दुकानदारानं ढोलकीचा ठेका लावला आणि मला दहावीतला एक रविवार आठवला. आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये मी नुकतीच कीबोर्ड वाजवू लागले होते. पापांची कबुली देण्याची मूक प्रार्थना चालली होती, सगळ्यांच्या माना खाली, आणि माझं कोपर लागून अगदी तसाच ठेका दणक्यात सुरू झाला. घाबरून मी दिसेल ते बटण दाबलं, तर तो आणखी जलद झाला! पाळकांनी डोळे उघडले. संपलं आपलं वाजवणं, असं मला वाटलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या आजी टाळ्या वाजवत येशूचं भजन गाऊ लागल्या. नांदगावकडच्या खेड्यातून मुलाकडे राहायला आल्यापासून त्या चर्चमध्ये कधी गायल्याच नव्हत्या. बघता बघता सगळेच गाऊ लागले, पाळकसुद्धा. उपासनेनंतर मी माफी मागायला गेले, तर आजी म्हणाल्या, “माफी कशाची गं? गावाकडं आम्ही असंच गायचो. तुमची गाणी लय हळू, मला झोप येती.” शेजारी उभे असलेले पाळक खो खो हसले आणि मला म्हणाले, “पुढच्या रविवारी लाव, पण आधी सांग.” आता तिथलं गायनमंडळ मीच सांभाळते, आणि मूक प्रार्थनेत फारच शांतता झाली की मला अजूनही हसू दाबावं लागतं.