मसुद्यातली रिकामी जागा

किनाऱ्यावरून घरी आलं की दोन दिवस खिशातून वाळू निघत राहते. जयगडजवळच्या मासेमार खारव्यांच्या एका वाडीचे हे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत.

एका सरकारी खात्यानं किनारा विकासाचा मसुदा ऑनलाइन टाकला. लिंक उघडा, थेट त्यातच लिहा, खोडा! जनसुनावण्यांत भांडून केस पांढरे झालेला मी बातमीदार. म्हटलं, "तिथे निदान साहेबाच्या तोंडावर ओरडता येतं!" त्या मसुद्यात वाडीची मासळी सुकवायची जागा 'रिकामी' ठरवून तिथे पार्किंग दाखवलेलं. भडकलोच!

*

पहिल्या दुपारी सगळी वाडी मोबाईलवरून मसुद्यात शिरली. नावं लावलेले रंगीत कर्सर भरतीच्या पाण्यावरच्या होड्यांसारखे नुसते डुलत होते. अक्षर एक नाही! मी वाडीतल्या एका पोराला फोन केला, "अरे, लिहा की!"

"असं कसं? गावकीत आधी मानकरी महादूदादा बोलतात. ते समुद्रात आहेत. रेंज नाय!"

*

थांबल्या नाहीत त्या एकट्या कमळवहिनी. मासळी सुकवतात त्याच. त्यांनी 'रिकामी' खोडून 'आमची' लिहिलं. मसुदा सांभाळणाऱ्या साहेबांनी संध्याकाळी पुन्हा 'रिकामी' केलं. सकाळी पुन्हा 'आमची'! शेवटी कोल्हापूरकडचे ते साहेब फोनवर वैतागले, "अहो बाई, किती वेळा?"

"तुम्ही सांजचं काढा, मी सकाळी घालते. सुकत्या मासळीचं आम्ही तेच करतो!"

*

मुंबईहून एका चाकरमान्यानं समासात विचारलं, "कडेचं उंडीचं झाड आहे का अजून?" झालं! कुणी त्याची सावली लिहिली, कुणी बोंबलांचा वास, कुणी तिथे टेकून डुलकी घेणारी आई. पान संथपणे लांबत गेलं. वाचता वाचता माझी बातमी राहून गेली.

साहेबांनी लिहिलं, "कृपया विषयाला धरून लिहा."

वहिनींनी खाली लिहिलं, "ह्योच विषय!"

*

शेवटच्या दिवशी मी वाडीतच गेलो. पाचला मसुदा बंद होणार होता. तेव्हा जो शब्द असेल, तोच कायम! आणि साहेबांचं 'रिकामी' तिथेच होतं. इतक्यात महादूदादांची होडी लागली. उन्हं पाण्यावर कलली होती. जो तो आपल्या दारात, हातात फोन.

दादांनी 'रिकामी' खोडलं आणि देवळात घालतात तसं चक्क गाऱ्हाणंच लिहायला घेतलं.

"बा देवा म्हाराजा, ही जागा रिकामी न्हाय. हितं सुकतं त्यावरच आमची चूल पेटते."

देवळात सगळे मागून म्हणतात, तसा एकेक कर्सर पुढे आला. "व्हय म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मुंबईचेसुद्धा!

पाच वाजायला आले तेव्हा अगदी तळाला, सावकाश, आणखी एक "व्हय म्हाराजा" उमटलं.

त्या कर्सरवर साहेबांचं नाव लुकलुकत होतं.