चिंधूच्या वाट्याचा भात

तारापूरचं वीजघर बांधायला आलेल्या अमेरिकन साहेबाकडे सोमी भांडी घासायची. भिंतीवरल्या एका माणसाच्या फोटोसमोर मडमचे डोळे भरून यायचे. तो तिचा मेलेला भाऊच, असं सोमीने धरून टाकलं. पाड्यावर नवा भात आधी मेलेल्यांना देतात, म्हणून तिने तो पानातून आणून फोटोखाली ठेवला.

मडमने मोडक्या हिंदीत सांगितलं, हा केनेडी, आमचा राष्ट्राध्यक्ष. हे वीजघर त्याच्याच काळात ठरलं, मग त्याला गोळी घातली.

"असंल. पण कोणाचा तरी भाऊ हायच ना?"

मडमने तिच्या पदरातल्या दुसऱ्या पानाकडे बोट दाखवलं.

"हा माज्या भावाचा, चिंधूचा. मिठागरावर गेला तो आलाच नाय." सोमीने पदराची गाठ आवळली. "त्याचा भात मेलेल्यांत नाय ठेवायचा. आल्यावर जेवंल."